पाळण्यातली वेळ

१

दाजीला बोगद्याच्या खालच्या तोंडाशी, लोखंडी जाळीला अडकलेला बाहेर काढला तेव्हा त्याच्या कमरेची पाटी चालूच होती. माणूस गेला आणि यंत्र शाबूत राहिलं. आमच्या पाणीखात्यात याचं कोणाला नवल वाटत नाही. यंत्राला जाड रबराचं आवरण मिळतं आणि माणसाला गमबूट, तेही मापाचे असतील तर नशीब.

मी खात्याची सुरक्षा तपासनीस. अपघात झाला की मला पाठवतात, आणि मी पोचेपर्यंत दोषी कोण हे वरच्या मजल्यावर ठरलेलं असतं. सगळे मला तोंडावर बाई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि ते फारसं चुकीचं नाही.

हा बोगदा तलावाचं पाणी डोंगराच्या पोटातून शहराकडे नेतो. आठवड्यातून एकदा वरचं गेट बंद करतात. बोगदा रिकामा झाला की एक माणूस वरून आत शिरतो, भिंतीवरच्या भेगा तपासत चालत जातो आणि खालच्या तोंडातून बाहेर पडतो. त्याने सव्वाअकराच्या आत बाहेर यायचं. साडेअकराला गेट उघडतं, कारण शहराच्या टाक्या त्यापुढे दम धरत नाहीत. आत फोन लागत नाही, हाक पोचत नाही. आतला माणूस आणि गेटवरचा माणूस यांच्यात धागा एकच, दोघांच्या पाट्यांवर दिसणारी वेळ.

पाटी म्हणजे हातात मावणारा संगणक. भेग दिसली की तिची नोंद त्यात करायची, गेट उघडलं की तीही त्यातच. प्रत्येक नोंदीवर वेळ आपोआप उमटते.

गेटवर होता तो दाजीच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो याला दाजी म्हणायचा म्हणून सगळं खातं दाजी म्हणू लागलं, आणि त्याचं नाव आपसूक मेहुणा पडलं. साहेबसुद्धा "मेहुण्याला बोलवा" म्हणायचे, आणि शिपाई भोळा चेहरा करून विचारायचा, "कोणाच्या, साहेब?" एकेकाळी त्यावर सगळे हसत होते.

आता कोणी हसत नव्हतं. दाजीच्या पाटीवरची शेवटची नोंद अकरा वाजून आठ मिनिटांची होती. ती भेग अगदी शेवटच्या वळणावर आहे, तिथून बाहेरचा उजेड दिसतो. मेहुण्याच्या पाटीवर गेट उघडल्याची नोंद बरोबर साडेअकराची. मधल्या वेळात लंगडा माणूससुद्धा बाहेर येऊन जेवायला बसला असता. मग पाण्याने दाजीला गाठलं कसं?

दोनपैकी एका पाटीची वेळ चुकीची होती, एवढं उघड होतं. दाजीची मागे असेल, तर बिचारा वेळ आहे समजून आत राहिला. मेहुण्याची पुढे असेल, तर त्याने गेट लवकर उघडलं आणि तो तुरुंगात जाणार. कोणती चुकली हे कळायला अक्कल लागत नाही. दोन्ही पाट्या चालू होत्या. बरोबर घड्याळाशेजारी धरल्या की झालं.

मी त्या मागितल्या. साहेबांनी बोट दाखवलं. दोन्ही पाट्या भिंतीजवळच्या पाळण्यात, चार्जिंगच्या खाचेत, शेजारीशेजारी बसवलेल्या होत्या. दोघींवर वेळ एकच होती, आणि सेकंदासकट बरोबर होती.

२

पाट्या पाळण्यात ठेवल्या की त्या मोठ्या संगणकाशी जोडल्या जातात आणि तो त्यांची घड्याळं स्वतःच्या घड्याळाशी मिळवून देतो. हे काम पाहणाऱ्या कारकुनाला सगळे दाई म्हणतात. जाडजूड मिशीवाला माणूस, पण रोज संध्याकाळी पाट्या पाळण्यात निजवायच्या आणि सकाळी उठवून द्यायच्या, म्हणून दाई. स्वभावाने गरीब, फक्त तोंडात तीळ भिजत नाही.

"मीच ठेवल्या, बाई," तो म्हणाला. "प्रेत आणलं, त्याच्याबरोबर पाट्या आणल्या. मला काही सुचेना. हाताने आपलं रोजचं काम केलं. ओल्या होत्या, पुसल्या आणि ठेवल्या."

"पुरावा पुसलास."

"आता कळतंय हो. तेव्हा वाटलं, निदान एवढं तरी नीट करावं."

त्याच्यावर ओरडून उपयोग नव्हता, तरी मी ओरडले. मग विचारलं, "सकाळी दोघांना पाट्या दिल्यास तेव्हा वेळ सारखी होती?"

"एकदम. दोघं माझ्यासमोर एकमेकांच्या पाट्या बघून घेतात. नियमच आहे तो. दाजी तर म्हणायचा, मेहुण्या, आपलं दुसरं काही जुळो न जुळो, एवढं जुळू दे."

साहेबांनी दार लोटून घेतलं. माणूस वाईट नाही, फक्त खुर्चीला चिकटलेला आहे. "आदल्या दिवशी दोघांची खडाजंगी झाली होती, बाई. दाजीने बदली मागितली होती. बायकोला घेऊन दूर जाणार होता. मेहुण्याला आईबाप नाहीत, बहिणीनेच वाढवलंय. तो म्हणाला, ताईला नेलंस तर बघ."

"बघ म्हणजे काय?"

"ते तुम्ही बघा."

"पूर्वी गेट उघडण्याआधी भोंगा वाजायचा ना? आत ऐकू जायचा म्हणे."

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. "पाट्या आल्यावर बंद केला. दोघांकडे एकच वेळ असताना भोंगा कशाला? आणि आत घड्याळ, मोबाईल न्यायला बंदी आहे. एकदा एकाचा मनगटी पट्टा जाळीत अडकला होता, तेव्हापासून."

म्हणजे एकेक करून सगळे आधार काढून घेतले होते आणि सगळा भार एका पाटीवर ठेवला होता. मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "शुक्रवारपर्यंत अहवाल हवाय."

मी शवागारात जाऊन आले. दाजीचा रेनकोट गळ्यापर्यंत बंद होता, पण आतल्या सदऱ्याची वरची तीन बटणं उघडी होती. तलावाचं पाणी बर्फासारखं, बोगद्यात हाडं गोठवणारा गारठा, आणि हा गडी आतून छाती उघडी टाकून चालला होता. गळ्यात लाल लोकरीचा एक गोफ होता. त्याला काही लटकलेलं नव्हतं. टोक तुटलेलं नव्हतं, कापलेलं होतं.

प्रेत दोघांनी बाहेर काढलं होतं. गेट उघडून मेहुणा नेहमीसारखा जेवायला खालच्या खोपटात गेला, दाजी दिसेना, म्हणून जाळीकडे धावला. त्याच्या हाकेने फिटर आला. फिटरने मला सांगितलं, "मेहुण्याने माझा चाकू मागून घेतला. म्हणाला, पाटीचा पट्टा अडकलाय, कापायला हवा."

मी पाटीचा पट्टा तपासला होता. तो अखंड होता.

फिटरकडून परत आले तर साहेब फाटकातच उभे. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता आणि तो लपवायचं त्यांना जमत नव्हतं. "तुमचं काम हलकं झालं, बाई. मेहुण्याने कबूल केलं. स्वतःच पोलिसांकडे गेला."

३

पोलीस चौकीतल्या खोलीत तो भिंतीला पाठ लावून बसला होता. अंगाने दांडगा, चेहरा मात्र शाळेतल्या पोराचा. मला पाहून उठला. आपल्याला फाशी जरी होणार असली तरी वडीलधाऱ्यांसमोर बसू नये असं याला बहिणीने शिकवलं असणार.

"मी माझ्या पाटीची वेळ पुढे केली, बाई. गेट लवकर उघडलं. दाजी आत आहे हे मला माहीत होतं."

"मारायचं होतं?"

तो अडखळला. "राग होता. ताईला नेणार होता."

"किती पुढे केलीस?"

"वीसेक मिनिटं."

मी माझ्या पिशवीतून एक पाटी काढून त्याच्या हातात दिली. दाईकडून मागून आणली होती. "कशी केलीस, दाखव."

त्याने पाटी हातात घेतली. त्याचा जाड अंगठा पडद्यावर इकडे फिरला, तिकडे फिरला. घड्याळाच्या चित्रावर दाबलं, तर पाटीने परवलीचा शब्द मागितला. तो शब्द फक्त दाईला माहीत असतो. गेली कित्येक वर्षं मेहुणा रोज पाटी वापरत होता, आणि तिची वेळ हाताने बदलता येत नाही हे त्याला या क्षणी कळलं.

"विसरलो," तो म्हणाला.

"आणि चाकू कशाला घेतलास?"

आतापर्यंत तो घाबरलेला होता. आता तो पांढरा पडला. त्याने पाटी माझ्या हातात ठेवली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर त्याने जी मिठाची गुळणी धरली ती मी निघेपर्यंत सोडली नाही.

न केलेल्या खुनाची कबुली देणारी माणसं मी पूर्वी पाहिली आहेत. मार खाऊन देतात, घाबरून देतात, पैशासाठीही देतात. याला कोणी बोटही लावलं नव्हतं. हा कोणाला तरी पाठीशी घालत होता, आणि अहवाल त्याच्या कबुलीवर गेला तर हा पोर आयुष्याची चांगली वर्षं गजाआड काढणार होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्यासी स्वतःच दोर घेऊन आला होता.

४

मी दाईला समोर बसवलं आणि दोन्ही पाट्या टेबलावर ठेवल्या.

"मोठ्या संगणकाचंच घड्याळ चुकलं असेल तर?" त्याने विचारलं. बिचारा स्वतःवर घ्यायलाही तयार होता.

"तर दोघी सारख्याच चुकतील. एका पाळण्यातल्या त्या. दोघी तासभर चुकल्या असत्या तरी दाजी वाचला असता. जगाशी नाही, एकमेकींशी जुळायला हवं होतं. सकाळी जुळत होतं. साडेअकराच्या आत बिघडलं. एवढ्या वेळात चांगलं घड्याळ किती मागेपुढे होतं?"

"डोळ्याची पापणी लवावी इतकंही नाही."

"मग अकरा आठ आणि साडेअकरा यांच्यातली ही वीस मिनिटं कुठून आली? घड्याळ आपण होऊन असं पुढे उडी मारत नाही. हाताने पुढे करता येत नाही, ते मी बघून आले. एकच उरतं. कोणतीतरी पाटी मधे थांबली होती."

दाई दोन्ही पाट्यांकडे आळीपाळीने बघू लागला.

"आता कोणती थांबली? मेहुण्याची थांबली असती तर ती मागे पडली असती आणि त्याने गेट उशिरा उघडलं असतं. त्याने कोणी मरत नाही. माणूस मेला, म्हणजे थांबली ती दाजीची."

"पण बाई, त्याच्या नोंदी सलग आहेत. कुठे खंड नाही."

"घड्याळच थांबलं तर खंड दिसणार कुठून? पाटीच्या मते मधे काही घडलंच नाही."

मी दाजीच्या पाटीची पाठ उघडली, बॅटरी काढली आणि चहा मागवला. चहा आला, आम्ही तो संपवला, दाईने भीतीने दुसराही घेतला. मग मी बॅटरी बसवली. पाटी उजळली, आणि चहा मागवला त्या क्षणापासून पुढे वेळ मोजू लागली. मेहुण्याच्या पाटीवर तोच प्रयोग केला. ती बरोबर वेळ घेऊनच जागी झाली.

"आत बटणाएवढा एक छोटा सेल असतो," दाई पुटपुटला. "मोठी बॅटरी काढली तरी तो घड्याळ चालू ठेवतो. दाजीच्या पाटीचा तो मेलाय. आणखीही पाच-सहा पाट्यांचे मेलेत."

"तुला माहीत होतं?"

"साहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, पाळणा रोज वेळ लावून देतो ना, मग सेल कशाला? तेही खरंच होतं. संध्याकाळी कितीही चुकलेली असली तरी सकाळी बरोबर व्हायची. कोणाला कधी कळलंच नाही."

पाळणा रोज रात्री दुखणं झाकत होता. मला त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या खोक्याचा इतका संताप आला की उचलून आपटावंसं वाटलं. पण एक गोष्ट अजून बसत नव्हती. बोगद्यात, अंधारात, चालत्या कामात दाजीने पाटीची बॅटरी काढली कशाला? आणि तीही वीस मिनिटं?

५

दाजीची बायको शीतगृहात फुलं बांधायला जाते. त्या दिवशी सुट्टी घेऊन घरीच होती. दोन खोल्या, घासूनपुसून लख्ख. मुलगी शाळेत गेली होती. खुंटीवर तिची लाल लोकरीची कानटोपी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"त्याचं नाव या घरात काढू नका, बाई," ती आधीच म्हणाली. "पाठच्या भावाला पोटच्या पोरासारखं वाढवलं. त्याने माझं कुंकू पुसलं. कबूल केलं ना त्याने? मग तुम्ही अजून काय शोधताय?"

"दाजी कामाला जाताना काय काय घेऊन जायचे?"

"डबा, टॉवेल. दुसरं काय?" तिचा आवाज जरा मऊ झाला. "गारठ्याला फार भ्यायचे. मी हसायचे त्यांना. म्हणायचे, मी दिवसभर बर्फात उभी असते, तुम्ही आठवड्यातून एकदा जाता आणि चार दिवस शेकत बसता."

मला परतीची बस पकडायची होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि चपापले.

"त्याच्यावर जाऊ नका, ते मागे पडतं," ती म्हणाली. "गारठ्यात त्याचा सेल मान टाकतो. थांबा." तिने बोलता बोलता घड्याळ उतरवलं, सेल काढला, ब्लाऊजच्या बाहीतून काखेत धरला आणि माझ्यासाठी पाणी आणायला गेली. येऊन बसली, मुलीच्या शाळेबद्दल बोलली, शेजारणीने दोन दिवस जेवण पाठवलं ते सांगितलं. मग सेल काढून घड्याळात घातला. काटा टकटक चालू लागला.

"ऊब मिळाली की उठतो," ती म्हणाली. "शीतगृहात आम्ही सगळ्या बायका असंच करतो. टॉर्चचे सेल कायम काखेत." मग तिने माझ्या हातातलं घड्याळ बघून काटे फिरवले आणि वेळ बरोबर केली.

भिंतीवरच्या घड्याळाचे काटे फिरवता येतात. पाटीचे येत नाहीत.

"हे दाजींनाही सांगितलं होतं?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"सांगितलं काय, पिशवीच विणून दिली होती. बोगद्यात शिरलं की थोड्या वेळाने पाटी मरते म्हणायचे. नोंदी राहिल्या की साहेब बोलतात. मी म्हटलं, रडताय काय, बॅटरी काढा, गळ्यातल्या पिशवीत टाका, काखेत धरा आणि चालत राहा. दहा-दहा मिनिटं दोनदा केलं की काम उरकतं. खूश होते." ती एकदम थांबली. "त्यांच्या सामानात ती आली नाही, बाई. लाल आहे, एवढीशी. कुठे सापडली तर मला द्याल?"

मी हो म्हणाले. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "काय झालं, बाई?"

"काही नाही. बस चुकेल माझी," मी म्हणाले आणि उठले.

६

"पिशवी कुठे आहे?" मी मेहुण्याला विचारलं.

या वेळी त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं नाही. तो खाली बसला, गुडघ्यांत डोकं घातलं आणि हमसून हमसून रडायला लागला. दांडगा माणूस रडतो तेव्हा बघणाऱ्याला कुठे बघावं ते कळत नाही. मी शेजारी फरशीवर बसले.

"तलावात टाकली," तो म्हणाला. "जाळीपाशी दाजीची पाटी माझ्या पाटीच्या वीस मिनिटं मागे दिसली आणि गळ्यात ताईने बॅटरीसाठी विणलेली पिशवी, तेव्हाच मला कळलं. माझ्या पाटीची बॅटरी मी कधी काढत नाही, गेटवर ऊन असतं. पण महिन्यापूर्वी एकदा दाजी लवकर काम उरकून बाहेर आला आणि म्हणाला, मेहुण्या, तुझी पाटी पुढे कशी? मी म्हटलं, तुझी मागे असेल. दोघं हसलो. संध्याकाळी पाळण्यात ठेवल्या तर सारख्या. विसरून गेलो. तेव्हाच विचारलं असतं तर..."

"तेव्हा नाही विचारलं. आता खोटं का बोललास?"

"ताईला कळू नये म्हणून. कोणीतरी शोधणारच, कशाने झालं ते. मी केलं म्हटलं की शोधणं थांबेल असं वाटलं." त्याने नाक पुसलं. "माझ्यावर चिडून ती जगेल, बाई. शिव्या देईल, माझं तोंड बघणार नाही, पण जगेल, पोरीला वाढवेल. स्वतःवर चिडली तर नाही जगायची. मी तिला ओळखतो. दूध उतू गेलं तरी दोन दिवस स्वतःला बोलते ती."

मला त्याचा राग आला आणि मायाही आली. माझ्या सगळ्या नोकरीत मी खरं काय ते शोधलं होतं, आणि ते कोणाला नको असेल असा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. मग मला वाट दिसली.

"ऐक," मी म्हटलं. "छोटा सेल मेलेला होता, हे मी सिद्ध करू शकते. मोठी बॅटरी गारठ्याने आपली आपण बंद पडली, थोड्या वेळाने आपली आपण चालू झाली, असं लिहिते. तसंही होऊ शकतं. पिशवीचं नाव अहवालात नाही. तू सुटशील. तिला सांगायचं, यंत्र बिघडलं. कोणाचा दोष नाही."

त्याने डोकं वर केलं. "ती मला घरात घेईल?"

"का नाही घेणार?"

चौकीतून निघताना मला बऱ्याच दिवसांनी स्वतःबद्दल बरं वाटत होतं. अहवाल मी तसाच लिहिला. अर्धं खरं आणि अर्धं दयेचं, पण अक्षर सुवाच्य.

७

शुक्रवारी मेहुण्याला सोडलं. कागदावर सही करायला तो माझ्या खोलीत आला होता. दाढी करून आला होता. भाचीसाठी त्याने रंगीत खडूंची पेटी घेतली होती. सही झाली आणि दार उघडून त्याची बहीण आत आली.

ती दाजीचं कचेरीत राहिलेलं सामान न्यायला आली होती. सामान दाईच्या ताब्यात होतं. एवढं सांगितलं तरी पुरे. दाईने सहानुभूतीने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बाईंची हुशारी तपशीलवार सांगितली. बॅटरी काढून दोन कप चहा होईपर्यंत बाहेर ठेवली आणि घड्याळ तिथेच थांबलं, हेही सांगितलं.

"काढून ठेवली की थांबतं," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "हो ना, बाई?"

"बॅटरी गारठ्याने आपली आपणच..." मी सुरुवात केली.

"माझ्या घरी तुम्ही घड्याळाकडे बघत बसला होतात." तिचा आवाज अगदी शांत होता. "मी पाणी आणून दिलं, तुम्ही प्यायलासुद्धा नाहीत."

मेहुणा पुढे झाला. "ताई, तसं काही नाही. यंत्र बिघडलं. कोणाचा दोष..."

"तू गप्प बस." ती त्याच्याकडे वळली. "तुला माहीत होतं. म्हणून पिशवी आली नाही. मी तुला मेलास तर बरं होईल म्हटलं. पोरीला सांगितलं, तुझ्या मामाने तुझ्या बापाला मारलं. तिने तुझा फोटो फाडला. हे सगळं तू मला करू दिलंस?"

"तुझ्यासाठीच, ताई."

"मला विचारलं होतंस?"

तिने पदराने तोंड पुसलं, पण डोळे कोरडेच होते. सामानाचं गाठोडं उचललं. तो घ्यायला गेला तर तिने ते दुसऱ्या हातात घेतलं.

साहेब डोकावून गेले. अहवालावर ते खूश होते. बोगद्यात पाटी गारठ्यापासून जपावी असं परिपत्रक निघणार होतं. छोट्या सेलचं विचारलं तर म्हणाले, "बघू, पाळणा तर आहेच." भोंग्याचं मी विचारलं नाही. भांडायला अंगात त्राण लागतं.

खिडकीतून मला दोघं दिसत होते. ती पुढे चालत होती, तो चार पावलं मागे. थांब्यावर ती उभी राहिली, तोही तेवढंच अंतर ठेवून उभा राहिला. तो काहीतरी बोलत होता. ती रस्त्याकडे बघत होती. बस आली. ती चढली. त्याने दांड्याला हात लावला, तेव्हा ती दारातून त्याच्याशी काहीतरी एकच वाक्य बोलली. त्याने हात काढून घेतला आणि बस निघून गेली. ते वाक्य काय होतं ते त्याने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

थोड्या वेळाने तो जिना चढून परत आला. दारात उभा राहिला. खडूंची पेटी अजून हातातच होती.

"बाई," तो म्हणाला, "माझी ती पहिली कबुली अजून चालेल का?"

मी त्याला नाही म्हणून सांगितलं. कागद वर गेले होते, शिक्के बसले होते, प्रकरण बंद झालं होतं. त्याला ते पटलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा नाही म्हटलं. मग तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. कचेरी बंद व्हायची वेळ झाली, शिपाई कुलूप घेऊन आला आणि त्याला उठवायला निघाला. मी शिपायाला म्हटलं, राहू दे, बसू दे त्याला.